पाय बांधावा की मोकळा ठेवावा

हळद शिजायला लागली की तिचा वास नाकाच्या आधी घशाला लागतो. धुराचा, ओल्या मातीचा आणि कडवट कंदाचा मिळून तो एक जाड वास असतो. होळीच्या आगेमागे आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही बागायती शिवारात शिरा, तो तुम्हाला गाठतोच. मोंढ्यात येते ती हळद वेगळी. ती वाळलेली, पॉलिश केलेली, व्यापाऱ्याच्या मुठीत खडखड वाजणारी, म्हणजे अंघोळ करून भांग पाडून आलेली. माझी ओळख तिच्या आधीच्या रूपाशी आहे, वाफाळत्या, चिकट, पायांना पिवळं करून सोडणाऱ्या. या दिवसांत कुणाला आंब्याचा मोहोर आठवतो, कुणाला परीक्षा आठवतात. मला ताईचे पिवळे पाय आठवतात आणि मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

यंदा ऐन हंगामात ताईच गावी आली. दाजींच्या नोकरीपायी ती पुण्याला असते, मी इथे हिंगोलीत शाळेत शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी गावाकडचं शेत बघतो. ताईबरोबर तिची मुलगी प्रज्ञा होती, आणि ट्रॅव्हल्सच्या पोटातून प्रज्ञाची सायकल निघाली. तिला ना मडगार्ड, ना घंटी, ना कॅरेज. टायर मात्र ट्रॅक्टरचे शोभावेत असे.

"आगं, हिचं कॅरेज कुठं पडलं?" मी विचारलं.

"मामा, ही डोंगर उतरायची सायकल आहे."

"मंग आमी काय निसत्या चढायच्याच सायकली वापरत व्हतो?"

ताई हसली. ती हसली की मला बरं वाटतं आणि लगेच वाईटही वाटतं. ही सवय जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा अंगणात पाना घेऊन बसली. समोर पोत्यावर पायडलांच्या दोन जोड्या मांडलेल्या. एक जोडी चपटी, रुंद, तिच्यावर बारीक टोकं काढलेली. बुटाचा तळ त्या टोकांवर धरून राहतो, पण उचलला की पाय मोकळा. दुसरी जोडी लहानशी, लोखंडी जबड्याची. तिचे बूटही वेगळे, तळाला धातूचा तुकडा बसवलेले. पाय ठेवला की टक् असा आवाज होऊन बूट पायडलात अडकतो आणि सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला वळवावी लागते. या अडकणाऱ्या जोडीला क्लिपलेस म्हणतात असं तिने सांगितलं. अडकतं तेच क्लिपलेस कसं, हे काही मला झेपलं नाही, पण इंग्रजीशी भांडायचं माझं वय राहिलेलं नाही.

पावसाळ्याआधी पुण्याजवळच्या एका डोंगरावर तिची पहिली शर्यत होती. वरून सुटायचं आणि दगडधोंड्यांतून खाली यायचं. तिच्या मैत्रिणींत म्हणे दोन तट पडले होते. एकींचं म्हणणं, पाय अडकलेलाच बरा. सायकल कितीही उसळली तरी पाय पायडलवरून उडत नाही, सायकल आपल्या अंगाचीच होते. दुसऱ्यांचं म्हणणं, उतारावर पाय मोकळाच हवा. तोल गेला की टेकवता येतो, वेळ आलीच तर सायकल सोडून देता येते, आणि मोकळ्या पायांवर शिकलं की टाच खाली दाबून बसायची शिस्त लागते.

"तुम्ही सांगा मामा. आई म्हणते, तुम्ही उताराचे राजे होता."

आता ताईने असं म्हणावं, तेही आपल्या लेकीजवळ, हे ऐकून माझी मान खाली गेली. हे भांडण मला नवं नव्हतं. याच अंगणात, असल्याच वासात, मी ते हिरिरीने भांडलो होतो.

आमचं गाव खाली, कालव्याच्या अंगाला. सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्याला येतं म्हणून इथे हळद. हायस्कूल मात्र वर, माळावरच्या मोठ्या गावात. म्हणजे सकाळी सायकल हातात धरून चढ चढायचा आणि सुटल्यावर तिच्यावर बसून यायचं. वाट मुरमाची, मधोमध चिंचेचं झाड, चिंचेपाशी वळण, आणि पायथ्याला गावाचा पार. पार ओलांडून सरळ गेलं की आमची वस्ती आणि वस्तीच्या खाली आमचं शेत.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. घरात एकच सायकल, दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हिंगोलीहून आणलेली. दादा एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. सायकल आणली ती ताईच्या शाळेसाठी, पण येताना उतारावर आम्ही ती आळीपाळीने चालवायचो, दुसरा मागे कॅरेजवर. तिच्या पायडलांची रबरं कधीच झिजून गेली होती, उरला होता तो गुळगुळीत लोखंडी दांडा. हळदीच्या दिवसांत पायांना तो चिकट रस लागलेला असायचा, कितीही धुतले तरी स्लीपर आतून सुळसुळायची. उतारावर सायकल उसळली की पाय हवेत. म्हणून आम्ही पोरं जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पाय पायडलला बांधायचो. दादा डेपोतून ट्यूबचे तुकडे आणायचे ते कॅरेजला ओझं बांधायला. त्यांचं आम्ही काय करतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आमच्यातही दोन तट होते. बांधणारे आणि मोकळे. मी बांधणाऱ्यांचा पुढारी. शाळेच्या मधल्या सुट्टीत या विषयावर आम्ही एकमेकांच्या गचांड्या धरल्या आहेत. आज प्रज्ञाच्या तोंडून तेच मुद्दे ऐकताना मजा वाटली. पुण्याच्या पोरींनी महागाचे बूट घालून जे शोधलं ते आम्ही फुटक्या ट्यूबवर शोधलं होतं. पण आमच्या वादात एक गोष्ट होती जी त्यांच्या वादात नाही. आमच्याकडे पोरींना हा प्रश्नच नव्हता. पोरींचे पाय मोकळेच ठेवावे लागत, कारण त्यांना पारापाशी उतरावं लागायचं.

पारावर गावातली जाणती माणसं बसायची. त्यांच्यासमोरून सायकलवर बसून जायचं नाही, उतरून, सायकल हातात धरून, मान खाली घालून पुढे जायचं आणि मग पुन्हा बसायचं. आजोबांच्या काळी आमच्या वस्तीतल्या गड्यांनाही हे चुकलं नव्हतं. ते मोडलं दादांनी. डेपोत लागल्यावर पहिल्यांदा सायकलवर गावी आले, तेव्हा ते पारासमोरून न उतरता आले. पारावरचे नुसते बघत राहिले, आणि मग काही दिवस गावात दबक्या आवाजात तेवढंच चाललं होतं. दर चौदा एप्रिलला, फोटोला हार घालून झाला की, दादा ही गोष्ट सांगायचे. "घंटी बी न्हाई वाजवली. पाय पायडलवर आन् नजर समोर." मी आणि ताई ती शेजारी बसून ऐकायचो. त्यांच्यानंतर वस्तीतला कुणीही गडी तिथे उतरला नाही. पोरींचं मोडायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. दादांच्याही नाही.

त्यामुळे ताई उतारावर आम्हा पोरांपुढे कायम हरायची. चिंचेचं वळण ती माझ्यापेक्षा चांगलं घ्यायची, पण वळण संपलं की तिला ब्रेक दाबायला सुरुवात करावी लागे. तिची पाळी असली की मागे कॅरेजवर बसून मी कुरकुर करायचो की हिच्यामुळे सगळा वेग मातीत गेला.

त्या वर्षी ती दहावीला होती. हळद आणि परीक्षा एकाच महिन्यात आल्या. दुपारभर ती मायबरोबर हळकुंडं मोडायची आणि मधूनच भूमितीचं पुस्तक उघडायची, त्या पुस्तकाच्या कडांना सगळीकडे पिवळे अंगठे उमटले होते. त्या पिवळ्या बोटांनीच ती मला म्हणायची, "सुध्या, माजे बी पाय बांध की एकदा."

"तुला काय करायचंय? तुला पारापाशी उतरायचंच हाय."

आठवीतलं पोर मी, पण हे वाक्य अगदी पारावर बसल्यासारखं बोलायचो. एकदा नाही, मागेल तेव्हा.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी तिला आणायला सायकल घेऊन वर गेलो होतो. ती केंद्रातून बाहेर आली, पॅड माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आज तू पायी ये." उताराच्या तोंडाशी सायकलवर बसली, ओढणी कमरेला खोचली आणि पाय पुढे केले. मी बांधले. तिची परीक्षा संपली होती आणि मला नाही म्हणवलं नाही, एवढंच कारण. गाठ मारताना "टाच खाली दाब, ताई" असं सांगितलं आणि मागून ढकललं.

ती जी गेली, ते मी वरून पाहत राहिलो. वेणी पाठीवर आपटत होती. चिंचेपाशी क्षणभर दिसेनाशी झाली, वळणातून बाहेर आली, आणि पार जवळ आला तरी सायकल मंदावेना. पारासमोरून ती तशीच गेली. पाय सुटत नाहीत तिचे, मी मनाशी म्हणालो, आणि पॅड बगलेत मारून उतारावरून धावत सुटलो.

शेतात पोचलो तेव्हा ती हळदीच्या पाल्याच्या ढिगाजवळ सायकल टेकवून उभी होती. तिचा चेहरा मी नीट पाहिला नाही. दादा रजा काढून हळद शिजवायला आलेले, कढईवरचं पोतं बाजूला करून, काडी टोचून हळकुंड शिजलं का ते बघत होते. तेवढ्यात बांधावरून थोरले आबा आले. पारावरचं सगळ्यात जुनं माणूस.

"पोरीला शाळा शिकव बाबा," ते दादांना म्हणाले, "पर पार बी वळखायला शिकव. समोरून गेली सुसाट, उतरली न्हाई."

दादांनी हातातली काडी खाली ठेवली आणि ताईकडे वळले. "काहून गं मंगल? काहून उतरली न्हाई?"

आवाज चढलेला नव्हता. एखाद्याला खरंच काही जाणून घ्यायचं असतं तसा होता. ताईने तोंड उघडलं. आणि मी मधेच ओरडलो, "तिचे पाय बांधलेले व्हते दादा! मीच बांधले. तिला उतरता आलं न्हाई."

मला अजून आठवतं, ते बोलताना मला केवढा अभिमान वाटला होता. बहिणीसाठी मार खायला उभा राहिलेला भाऊ. दादांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं. "पाय बांधून सायकल चालवती व्हय? पडली असती तं तोंड फुटलं असतं. बंद कर ती सायकल." आबा म्हणाले, "असं हाय व्हय. मंग काई न्हाई, लेकरू हाय," आणि निवांत परत गेले. ताईने उघडलेलं तोंड मिटलं. माय तिला म्हणाली, हात धू आणि पाला उचल.

संध्याकाळी सायकल माझ्या ताब्यात आली. उजव्या पायडलला पट्टी नव्हती. मी नवी कापून लावली.

ताई दहावी पास झाली. अकरावीला औंढ्याच्या कॉलेजात जायचं तर फाट्यापर्यंत सायकल आणि तिथून एस.टी. एवढाच मार्ग होता. सायकल बंद होती, मग औंढाही बंद झालं. कुणी तसं ठरवलं नाही, कुणी रडारड केली नाही, दिवस गेले तसं ते राहून गेलं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मी त्या सायकलवर बारावी केली, डी.एड. केलं.

तेव्हापासून माझा हिशोब पक्का होता. मी पाय बांधले, म्हणून तिला उतरता आलं नाही, म्हणून सायकल गेली, म्हणून शिक्षण गेलं. दरवर्षी नव्या हळदीचा पहिला डबा मी पुण्याला पोचवतो. भाऊबीज चुकवत नाही. दाजी कौतुकाने म्हणतात, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. खरं सांगायचं तर या अपराधाची मला सवय झाली होती, जरा मायाच जडली होती. चांगला भाऊ असल्याचं निम्मं श्रेय त्याचंच.

तर प्रज्ञाने विचारलं, कोणती जोडी लावू. मी आणि ताई त्या वेळी शिजवलेली हळद अंगणात पसरत होतो. मी वर न बघता म्हणालो, "साधीच लाव. उतारावर कुठं उतरावं लागंल सांगता येत न्हाई."

बोललो आणि माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं. ताईचा हात थांबला होता. प्रज्ञा "बघते" म्हणून पाना धुवायला नळावर गेली. मग माझ्याने राहवलं नाही. इतक्या वर्षांत जे डब्यांतून पाठवत होतो ते तोंडाने बोललो. "ताई, त्या दिवशी म्या तुजे पाय बांधायला नको व्हते."

"पाय?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं मी कशाबद्दल बोलतोय. मग कळलं. "आरं, उजवी पट्टी तं चिंचेपाशीच तुटली. वळणावर मी पाय टेकवला बी. मोकळाच व्हता."

"मंग उतरली काहून न्हाई?"

"उतरायचंच न्हवतं."

ती पुन्हा हळद पसरू लागली. पिवळे हात, कोपरापर्यंत पिवळे. "दादा न्हवते उतरले. मंग म्हणलं, आपुन बी न्हाई उतरायचं. त्यायनं इचारलं तवा तेच सांगनार व्हते." एक ओला ढीग तिने हाताने सपाट केला. "त्यायनं मला इचारलं व्हतं, सुध्या. तुला न्हवतं इचारलं."

मी विचारलं, नंतर का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तू मला वाचवाया गेलता. चार लोकात तुला लबाड पाडू का? आन् दादा 'बंद' म्हणून मोकळे झाले. मंग सांगून काय करायचं व्हतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

उजव्या पायडलला पट्टी नव्हती हे मी त्याच संध्याकाळी पाहिलं होतं. पाहिलं आणि नवी लावली. इतकी वर्षं मी भलताच गुन्हा सांभाळत बसलो होतो. पाय बांधणं हा काही गुन्हा नव्हता. तिने मागितले म्हणून बांधले होते. गुन्हा तो, ज्याचा मला अभिमान होता. तिने आयुष्यात एकदा ठरवून काहीतरी केलं आणि मी ते सगळ्यांदेखत अपघात करून टाकलं. लेकरू हाय, पाय अडकले. आबांना तेच हवं होतं. आणि दादा? दर चौदा एप्रिलला आपली गोष्ट सांगणारा तो माणूस, आपली लेक आपल्यासारखीच वागली हे न कळताच गेला. त्यांनी तिला शाबासकी दिली असती असं मी म्हणत नाही. कदाचित मारलंही असतं. बाप म्हणून त्यांना लोकांची भीती होतीच. पण त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तर त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी मी आडवा आलो. दादा जाऊन आता काही वर्षं झाली, तेव्हा सांगून काय करायचं, हा ताईचा प्रश्न आता माझाही आहे.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ताईने मात्र माझ्या ताटात निम्मी भाकरी जास्त वाढली.

सकाळी प्रज्ञा सायकल घेऊन माळ चढून जायला निघाली. जाताना माझ्यासमोर थांबली. "मामा, शेवटचं विचारते. काय करू?"

माझ्या तोंडात दोन्ही उत्तरं तयार होती, कारणांसकट. मी शिक्षक माणूस, विचारलं की सांगायची खोड. मी म्हणालो, "तू ठरव."

"मग मोकळेच ठेवते," ती म्हणाली. "अडकवायचे आहेतच, पण टाच वळवायची सवय झाल्यावर. भीतीपोटी नाही." आणि गेली.

मी आणि ताई पारापाशी जाऊन उभे राहिलो. पाराला आता फरशी बसवली आहे, बसणारे थोडे, आणि पोरी शाळेच्या सायकलींवरून रोज समोरून जातात, कुणी उतरत नाही, कुणाच्या ते लक्षातही येत नाही. त्या दिवशी पारावर एकच म्हातारबाबा ऊन खात बसले होते. वरून मुरमाचा खरखराट ऐकू यायला लागला. चिंचेपाशी धूळ उठली, वळणातून प्रज्ञा बाहेर आली, सायकलवर उभी, टाचा खाली दाबलेल्या. मी नकळत ताईकडे पाहिलं. तिने पदर कमरेला खोचला होता. प्रज्ञा आमच्यासमोरून गेली, पारासमोरून गेली आणि वस्तीकडे उतरून दिसेनाशी झाली.

म्हातारबाबा दचकून काठीवर उठले. त्यांच्या आवाजात नुसती काळजी होती. "कोणाची लेक गं? थांबली न्हाई ती. पाय अडकले का काय पोरीचे?"

मी तोंड उघडलं. ताईने माझं मनगट धरलं, घट्ट.

"पाय मोकळे हायत, बाबा," ती म्हणाली. "उतरायचं न्हवतं तिला."